घाबरायला गेलेले प्रेक्षक हसत बाहेर आले

१७ जून १९७७ रोजी अमेरिकेतल्या शेकडो चित्रपटगृहांत एकाच दिवशी एक चित्रपट झळकला. नाव होतं ‘एक्झॉर्सिस्ट टू : द हेरेटिक’. साडेतीन वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या भागानं लोकांची झोप उडवली होती. थिएटरात प्रेक्षकांना भोवळ आल्याच्या, कुणी अर्ध्यातून उठून बाहेर पळाल्याच्या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आल्या होत्या. आता दुसरा भाग म्हटल्यावर घरी कोण बसणार? पहिला पाहिलेले आपली हिंमत पुन्हा अजमावायला आले, ज्यांचा पहिला हुकला होता ते मित्रांचे टोमणे चुकवायला आले. दिवे मालवले, पडदा उजळला. थोड्या वेळानं अंधारातून आवाज आला खरा, पण तो किंकाळीचा नव्हता. प्रेक्षक चक्क हसत होते.

या हसणाऱ्यांत एक जण विशेष होता. मूळ कादंबरीचा लेखक विल्यम पीटर ब्लॅटी. आपण ज्या थिएटरात बसलो होतो तिथं पहिलं हसू आपल्यालाच फुटलं आणि मग बाकीचे सामील झाले, असं त्यांनीच पुढे सांगितलं. पहिल्या भागाचे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन तर या चित्रपटाची फजिती शेवटपर्यंत चवीनं सांगत असत. खेळ बघून चिडलेल्या प्रेक्षकांनी कंपनीच्या साहेबांना कसं पळवून लावलं, हा त्यांचा आवडता किस्सा. त्यात मीठमसाला बराच असावा. पण नाव निघालं की लोक हसायचे, एवढं मात्र खरं.

भयपटाचा दुसरा भाग फसणं ही काही नवलाची गोष्ट नाही. लवकर पैसे मिळवायचे म्हणून घाईनं, स्वस्तात, कुणातरी नवख्याकडून तो उरकला जातो आणि पडतो. इथं तसं काहीच नव्हतं. पैसा पहिल्या भागापेक्षा जास्त, जवळपास १ कोटी ४० लाख डॉलर ओतला होता. दिग्दर्शक नावाजलेला, नट एकाहून एक, संगीत एन्निओ मोरिकोने यांचं. मग बिघडलं कुठे?

आईची गोष्ट

त्यासाठी आधी १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’कडे वळायला हवं. हा चित्रपट म्हटला की लोकांना आठवतं ते मुलीचं गर्रकन फिरणारं डोकं आणि तोंडातून उडणारी हिरवी ओकारी. पण चित्रपट पुन्हा शांतपणे पाहिला तर ध्यानात येतं की या गोष्टी फार उशिरा येतात. त्याआधी जवळजवळ तासभर आपण बघत असतो ती एका आईची धावपळ.

क्रिस मॅकनील ही नटी, नवऱ्यापासून वेगळी झालेली. वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊन भागात चित्रीकरणासाठी घर भाड्यानं घेऊन बारा वर्षांच्या रीगनबरोबर राहते आहे. मुलगी विचित्र वागू लागते. आधी वाटतं वयामुळे असेल, मग वाटतं वडील वाढदिवसालाही फोन करत नाहीत म्हणून असेल. डॉक्टर औषध देतात. गुण येत नाही. मोठ्या डॉक्टरांकडे नेतात. मेंदूची तपासणी होते, मानेत सुई खुपसली जाते, रक्त उडतं, अवजड यंत्रं मुलीच्या डोक्याभोवती खडखडतात. पुष्कळ प्रेक्षकांनी हे इस्पितळातलं दृश्य भुताच्या दृश्यांपेक्षा जास्त असह्य झाल्याचं सांगितलं आहे. त्यात भूत नाही, जादू नाही. आहे ती फक्त काचेपलीकडे उभी असलेली आई. आजारी पोराला घेऊन या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे ज्यांनी खेपा घातल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळे उपाय थकल्यावर, देवाधर्माशी काही देणंघेणं नसलेली ही बाई चर्चच्या धर्मगुरूपुढे हात जोडते.

आणि तो धर्मगुरू, फादर करास, त्याची गोष्ट तरी कुणाची? तीही आईचीच. त्याची म्हातारी आई न्यूयॉर्कमध्ये एकटी राहते, आजारी पडते, तिला वेड्यांच्या वॉर्डात ठेवावं लागतं आणि पुढे ती घरी एकटीच मरते. पोरगा मानसोपचाराचा डॉक्टर, पण आईची सोय करायला पैसे नाहीत. ही बोच घेऊन तो रीगनच्या खोलीत शिरतो आणि सैतान नेमकी तिथंच नखं खुपसतो, त्याच्याशी आईच्या आवाजात बोलतो. शेवटी करास सैतानाला स्वतःच्या अंगावर घेतो आणि खिडकीतून उडी टाकून जिवानिशी जातो. एका परक्या मुलीसाठी.

हे सारं घडतं एका घरात, खरं तर एका खोलीत. पात्रांच्या श्वासाची वाफ दिसावी म्हणून फ्रीडकिन यांनी ती खोली यंत्रं लावून बर्फासारखी थंड केली होती आणि लिंडा ब्लेअर ही मुलगी पातळ झग्यात त्या गारठ्यात पडून होती. जिन्यानं वर जायचं आणि ते दार उघडायचं, एवढ्यानंच प्रेक्षकाच्या पोटात गोळा यायचा. चित्रपटाला ऑस्करची १० नामांकनं मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत उतरलेला तो पहिला भयपट. पटकथेचा पुरस्कार ब्लॅटींनी नेला.

या यशानंतर झपाटलेल्या मुलींची लाटच आली. आपल्याकडे १९८० मध्ये अरुणा राजे आणि विकास देसाई या जोडीनं ‘गहराई’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यात श्रीराम लागूंच्या घरात पद्मिनी कोल्हापुरेच्या अंगात येतं आणि वडिलांनी दडवून ठेवलेलं पाप मुलीच्या तोंडून बाहेर पडतं. मर्म इथंही ओळखलेलं होतं. भूत कुठूनही येवो, भीती घरातल्या माणसांमधूनच आली पाहिजे.

नावडत्या चित्रपटाचा पुढला भाग

निर्माते रिचर्ड लेडरर यांचा सुरुवातीचा बेत अगदी साधा होता. पहिल्या घटनेची चौकशी करणारा एक धर्मगुरू दाखवायचा, पहिल्या वेळी न वापरलेली दृश्यं जोडायची आणि थोडक्या पैशांत काम भागवायचं. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. पण १९७४ मध्ये ‘गॉडफादर’चा दुसरा भाग आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. नावापुढे ‘दोन’ लावणं कमीपणाचं राहिलं नाही. स्वस्तातला बेत हळूहळू फुगत गेला.

फ्रीडकिन आणि ब्लॅटी यांना या भागात रस नव्हता. दिग्दर्शन गेलं जॉन बूरमन यांच्याकडे. ‘डिलिव्हरन्स’सारखा थरारक चित्रपट त्यांच्या नावावर होता. आता गंमत बघा. पहिला ‘एक्झॉर्सिस्ट’ही त्यांना देऊ केलेला होता आणि त्यांनी तो नाकारला होता. एका लहान मुलीचा छळ बघायला लावणारी ही गोष्ट त्यांना किळसवाणी वाटली होती. मग दुसरा भाग का स्वीकारला? तर पहिल्याला उत्तर द्यायचं म्हणून. पहिल्या चित्रपटात वाईटाचं बळ दिसलं, आपण चांगुलपणाचं बळ दाखवू, असा त्यांचा विचार होता. विल्यम गुडहार्ट यांची पटकथाही त्याच वळणाची होती. तेयार द शार्दां या फ्रेंच धर्मगुरू-शास्त्रज्ञाच्या विचारांचा तिच्यावर प्रभाव होता. माणसांची मनं एक दिवस एकमेकांना जोडली जातील असं काहीसं त्याचं तत्त्वज्ञान.

विचार उदात्त होता, यात शंका नाही. फक्त तिकीट काढून आलेल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

चित्रीकरणही अडखळतच चाललं. जॉर्जटाऊनच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांवर चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून घर आणि पायऱ्या स्टुडिओतच उभारल्या. आफ्रिकेतले डोंगर आणि खेडीही स्टुडिओतच. बूरमन यांना मधेच धुळीतल्या बुरशीमुळे होणारा फुप्फुसांचा आजार जडला आणि काम महिनाभराहून जास्त थांबलं. पटकथा चित्रीकरण सुरू असतानाच पुन्हा पुन्हा लिहिली जात होती. लिंडा ब्लेअर तोवर सतरा वर्षांची झाली होती. पहिल्या वेळी सैतानाच्या रंगभूषेत तिनं तासन् तास काढले होते. या वेळी तिनं ती रंगभूषा करायला साफ नकार दिला आणि तेवढ्या दृश्यांपुरती दुसरी मुलगी उभी करावी लागली.

पण सर्वांत महागात पडलेला नकार होता एलेन बर्स्टिन यांचा. पहिल्या भागात क्रिसची, म्हणजे आईची भूमिका त्यांनी केली होती. त्या दुसऱ्या भागात यायला तयार झाल्या नाहीत. मग पटकथेत काय केलं? आई बाहेरगावी चित्रीकरणाला गेली आहे, असं सांगून टाकलं. रीगन न्यूयॉर्कमधल्या उंच इमारतीच्या माथ्यावर, काचांनी मढवलेल्या चकचकीत घरात राहते आणि तिची काळजी घेते ती आईची जुनी सेक्रेटरी शॅरन.

पोटची पोर मरणाच्या दारातून परत आली आहे, तिला रात्री वाईट स्वप्नं पडतात आणि आई गावाला गेली आहे! प्रेक्षकानं इथंच हात टेकले असणार.

टोळ, दिवे आणि टाळ्यांऐवजी हशा

पुढे जे घडतं ते थोडक्यात सांगणं कठीण आहे. रिचर्ड बर्टन यांनी रंगवलेला फादर लॅमॉन्ट हा पहिल्या भागात मेलेल्या फादर मेरिनच्या मृत्यूची चौकशी करायला नेमला जातो. मेरिन धर्मद्रोही होता की संत, हा चर्चपुढचा प्रश्न. लुईझ फ्लेचर यांची डॉ. टस्किन रीगनवर उपचार करते. तिच्या दवाखान्यात मधाच्या पोळ्यासारख्या काचेच्या खोल्या आहेत आणि एक अजब यंत्र आहे. दोघांच्या कपाळाला पट्टे बांधायचे, समोर दिवा लुकलुकायचा, एक आवाज घुमत राहायचा की दोघांची मनं जोडली जातात आणि एकाच्या आठवणी दुसऱ्याला दिसतात. या पट्ट्यांमध्ये गंभीर चेहऱ्यानं बसलेले बर्टन पाहून हसू आवरणं अवघडच. याच बर्टनना त्याच वर्षीच्या ‘इक्वस’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा दोष नटाच्या ताकदीचा नव्हता.

दवाखान्यातलंच एक दृश्य पुढे विनोद म्हणून प्रसिद्ध झालं. एक लहान मुलगी रीगनला विचारते, तू इथं कशाला? रीगन अगदी सहज, पडसं झालं होतं अशा सुरात सांगते की मला सैतानानं झपाटलं होतं. मुलगी दचकते, तर ही हसून तिची समजूत घालते की काही नाही गं, गेला तो. पहिल्या चित्रपटात ज्याच्यासाठी दोन धर्मगुरूंनी प्राण दिले, ते इथं एका वाक्यात गप्पांचा विषय झालं. आणि करास? ज्यानं खिडकीतून उडी टाकली त्याचं नावही जवळजवळ निघत नाही. सगळी चौकशी मेरिनची.

यानंतर कथा आफ्रिकेत जाते. मेरिननं तिथं एका मुलाच्या अंगातला सैतान उतरवला होता. त्या कोकुमोला शोधत लॅमॉन्ट जातो तर त्याला जेम्स अर्ल जोन्स टोळाच्या वेशात, डोक्यावर टोळाचं मुंडकं घालून बसलेले दिसतात. पुढच्याच क्षणी ते प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ म्हणून समोर येतात. टोळाचे पंख एकमेकांना घासले की त्यांची पिसाट झुंड होते आणि झुंडीला शांत करणारा एक ‘चांगला टोळ’ जन्माला घालता येईल, अशी त्यांची मांडणी. तिच्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. गर्दीत पायांना सतत स्पर्श होत राहिला की एकटा राहणारा टोळ झुंडीत शिरतो, हे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. पण भयपट बघायला आलेल्या माणसाला कीटकशास्त्र ऐकवायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत पथ्याचं जेवण वाढण्यासारखं. टोळही बिचारे पुरते जगले नाहीत. चित्रीकरणासाठी इंग्लंडहून मागवलेले शेकडो टोळ मरत गेले.

नशीबही आडवं आलं. अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, २५ मे रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला होता आणि त्याच्यापुढे रांगा लागल्या होत्या. त्यात काळ्या मुखवट्याआडून डार्थ व्हेडर ज्या भारदस्त आवाजात बोलतो तो आवाज याच जेम्स अर्ल जोन्स यांचा. एका थिएटरात त्या आवाजानं लोकांच्या अंगावर काटा येत होता, शेजारच्या थिएटरात तोच माणूस टोळाच्या टोपीत हशा पिकवत होता.

पहिल्या दोन-तीन दिवसांची गर्दी ओसरली तशी धावपळ सुरू झाली. बूरमन यांनी लागलेल्या चित्रपटालाच पुन्हा कात्री लावली. हसू येणारी वाक्यं काढली, शेवट बदलला, सुरुवातीला पहिल्या भागाची आठवण करून देणारं निवेदनही जोडून पाहिलं. पण उपयोग झाला नाही. निदान चुकलं होतं, औषध बदलून काय होणार? बूरमन यांनी पुढे कबूल केलं, तेही स्वतःला फार न दुखावता. प्रेक्षकांना जे भय हवं होतं ते आपण दिलं नाही, एवढाच आपला गुन्हा, असा त्यांचा सूर होता.

या चित्रपटाचे चाहते नाहीत असंही नाही. मार्टिन स्कॉर्सेसींसारख्या दिग्दर्शकाला तो पहिल्या भागापेक्षा जास्त आवडला. मोठा चांगुलपणाच मोठं संकट ओढवून घेतो का, हा त्यातला प्रश्न त्यांना भिडला. आणि डोळ्यांनी पाहिलं तर चित्रपट देखणा आहेच. टोळाच्या पंखांवर बसून आफ्रिकेच्या लाल मातीवरून उडणारा कॅमेरा, मोरिकोने यांचे घुमणारे कोरस, हे दुसऱ्या कुठल्या चित्रपटात असतं तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. बूरमन काही त्यामुळे संपले नाहीत. १९८१ मध्ये ‘एक्सकॅलिबर’ आणि १९८७ मध्ये स्वतःच्या बालपणावरचा सुंदर ‘होप अँड ग्लोरी’ त्यांनी केला. भुर्दंड पडला तो लिंडा ब्लेअरला. आपल्याला दाखवलेली पटकथा फार चांगली होती, ती बदलत बदलत भलतीच झाली, अशी खंत तिनं वर्षानुवर्षं बोलून दाखवली. चौदाव्या वर्षी मिळालेल्या प्रसिद्धीचं ओझं तिच्यावर होतंच. त्यावर हे हसं चढलं.

ब्लॅटी यांनी १९९० मध्ये स्वतःच्या ‘लीजन’ या कादंबरीवरून तिसरा भाग स्वतः दिग्दर्शित केला, तेव्हा दुसरा भाग जणू झालाच नाही असं धरून चालले. त्यात जेसन मिलर यांचा करास परत आला. इस्पितळाच्या रिकाम्या कॉरिडॉरमधलं, कॅमेरा एका जागी ठेवून घेतलेलं एक लांबलचक शांत दृश्य आजही प्रेक्षकाला खुर्चीतून उडवतं. पण तिथंही कंपनीनं हट्ट धरला की नावात ‘एक्झॉर्सिस्ट’ आहे तर भूत उतरवण्याचा विधी हवाच, आणि शेवट नव्यानं चित्रित करून जोडला गेला. २००४ मध्ये तर कहरच झाला. पॉल श्रेडर यांनी पूर्ण केलेला चित्रपट कंपनीला पुरेसा भीतिदायक वाटला नाही, म्हणून रेनी हार्लिन यांच्याकडून तीच कथा जवळपास पुन्हा चित्रित करून घेतली. ती पडल्यावर २००५ मध्ये श्रेडरचा चित्रपटही दाखवून टाकला.

ब्लॅटी २०१७ मध्ये गेले, फ्रीडकिन २०२३ च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर दोनच महिन्यांनी ‘द एक्झॉर्सिस्ट : बिलीव्हर’ आला, आणि त्यात अखेर ती आई परतली. एलेन बर्स्टिन नव्वदीत होत्या. आधी त्यांनी नेहमीप्रमाणे नकार दिला होता. मग कंपनीनं रक्कम दुप्पट केली आणि त्यांनी होकार दिला, तो त्या पैशांतून नाट्यशिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी शिष्यवृत्ती सुरू करण्याकरता. चित्रपटात त्यांची क्रिस दोन-चार प्रसंगांतच दिसते आणि लवकरच एका झपाटलेल्या मुलीच्या हल्ल्यात तिचे डोळे जातात. समीक्षकांना चित्रपट आवडला नाही. प्रेक्षकांचा प्रतिसादही थंड राहिला आणि ठरलेले पुढचे दोन भाग रद्द झाले.

पण अगदी शेवटी एक प्रसंग आहे. इस्पितळातल्या खाटेवर डोळ्यांना पट्टी बांधलेली म्हातारी क्रिस पडलेली असते. दार उघडतं आणि कुणीतरी आत येतं. लिंडा ब्लेअर, साठी उलटलेली. सैतान नाही, यंत्र नाही, टोळ नाहीत. मुलगी आईचा हात हातात घेते आणि आईला स्पर्शावरून कळतं कोण आलं ते.